मातीचे घर आणि दगडाचे थडगे

इजिप्त देशाचे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे गीझाचे पिरॅमिड उभे राहतात. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी खूफू राजासाठी रचलेला तेथील सर्वांत मोठा पिरॅमिड मुळात १४६ मीटर उंच होता. तो पाहून कोणाचीही मती गुंग व्हावी, यात नवल नाही. परंतु मुलांनो, ते प्रचंड दगड ओढणाऱ्या मजुरांना रोज जे अन्न लागे, ते कोण पिकवीत होते? नाईलकाठच्या खेड्यांतील शेतकरी! म्हणूनच माझे असे मत आहे की, त्या शेतकऱ्याची मोडकी चूल आणि फुटके मडके हीदेखील राजाच्या थडग्याइतक्याच आस्थेने जपली पाहिजेत.

राजांची थडगी दगडांची. ती पुराच्या पाण्यापासून दूर, वाळवंटाच्या कडेला बांधलेली असत. म्हणून ती टिकली. शेतकऱ्याचे घर मात्र नदीच्या गाळापासून केलेल्या कच्च्या विटांचे. ते पडले की त्याच मातीवर दुसरे उभे राही. नाईलच्या वार्षिक पुराने गाळाचे थरावर थर साचत गेले. त्यामुळे कित्येक जुनी खेडी आज शेतांखाली आणि नव्या गावांखाली गाडली गेली आहेत.

वाळवंटालगतची काही थोडी खेडी तेवढी या गाळातून वाचली. फायूम प्रांतातील कारानिस हे त्यांपैकी एक. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात वसलेले हे शेतकऱ्यांचे गाव पुढे कित्येक शतके नांदत होते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने १९२४ ते १९३५ या काळात तेथे उत्खनन केले. कोरड्या हवेमुळे तेथे टोपल्या, दोर, पायताणे, लाकडी किल्ल्या आणि धान्याचे दाणेसुद्धा टिकून राहिले होते. धान्याची कोठारे, जाती आणि पारव्यांची खुराडी तर सापडलीच. पण चाके लावलेला लाकडी घोडाही सापडला. तो कोणा लहान मुलाने अंगणात फिरविला असेल!

परंतु विद्वानांच्या आधीच तेथे कुदळी येऊन पोहोचल्या होत्या. आपल्याकडे गावाच्या जुन्या वस्तीच्या मातीला ‘पांढर’ म्हणतात; इजिप्तमध्ये अशा मातीला ‘सेबाख’ हे नाव आहे. ती पिकांना उत्तम खत ठरते. त्यामुळे ती खणून शेतांवर नेण्यात आली आणि कारानिसच्या टेकाडाचा मधला भाग पोकळ झाला. याबद्दल केवळ गरीब शेतकऱ्याला दोष देणे मला न्याय्य वाटत नाही. त्याला पोटासाठी पीक हवे होते. सोने, मूर्ती आणि लेख यांच्या शोधात खेड्यांच्या मातीकडे दुर्लक्ष करणारे सुशिक्षित लोक अधिक दोषी होत.

कोणी म्हणेल, “थडग्यांच्या भिंतींवर नांगरणी-कापणीची सुरेख चित्रे आहेत; मग उकिरडे कशाला उपसावयाचे?” शंका रास्त आहे. तथापि ती चित्रे धनिकांच्या आज्ञेने काढलेली आहेत. त्यांत धन्याला दिसलेला, किंबहुना धन्याला हवा असलेला शेतकरी आहे. तेथे पीक नेहमी भरघोस असते. शेतकऱ्याचे गाऱ्हाणे ऐकावयाचे असेल, तर त्याच्या घरातच गेले पाहिजे.

कारानिसमध्ये असे एक गाऱ्हाणे सापडले आहे. जेमेल्लस नावाच्या शेतकऱ्याने इसवी सन १९७ मध्ये रोमन अधिकाऱ्यांकडे अर्ज केले. त्याची दृष्टी अधू होती. यूलियस व सोटास हे दोघे भाऊ गावातील आपल्या वजनाच्या जोरावर त्याच्या पेरलेल्या शेतात घुसले आणि त्यांनी त्याला काम करण्यास अडथळा केला. पुढे यूलियसने त्याची वैरणही उचलून नेली. पपायरसाच्या त्या पानांवर अठराशे वर्षांपूर्वीच्या एका पीडित माणसाचा शब्द जिवंत आहे. खतासाठी नेलेल्या मातीबरोबर असे आणखी किती अर्ज शेतांत विरघळून गेले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

पिरॅमिड आपले रक्षण आपणच करतो. त्याची थोरवी कोणी सांगावी लागत नाही. मातीच्या घराला मात्र माणसांनीच जपावे लागते. तेव्हा पुढे केव्हा तुम्ही एखाद्या संग्रहालयात गेलात, तर सुवर्णालंकारांच्या दालनात अवश्य रमा. पण कोपऱ्यातील कपाटात एखादा गंजलेला विळा किंवा फुटकी परात दिसली, तर तिच्यापुढेही घटकाभर थांबा. ज्या हातांनी ती वापरली, त्यांच्याच श्रमांवर ते राजे आणि त्यांची थडगी उभी राहिली होती.