रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतं ते काय?

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हे दृश्य नवं नाही. पन्नाशीच्या बाई समोर बसलेल्या. छातीत धडधड, डोकं जड, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. शेजारी मुलगा उभा. त्याच्या हातातल्या पिशवीत ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, साखर असे सगळे कागद आणि सगळे नॉर्मल. ‘आईला काही झालेलं नाही ना डॉक्टर? तुम्हीच सांगा तिला एकदा,’ असं मुलगा म्हणतो. बाई मान खाली घालतात.

चूक इथेच होते. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे त्रास खोटा ठरत नाही. ताण आला की मेंदूच्या इशाऱ्यावर अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं स्रवतात. ठोके वाढतात, स्नायू आखडतात, पचन बिघडतं. संकट टळलं की शरीर पूर्ववत होतं. पण संकट महिनोन्‌महिने घरातच मुक्कामाला असेल, तर शरीराला उसंत मिळत नाही. ती धडधड खरीच असते. तीव्र मानसिक धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होतो, हे तर जपानी डॉक्टरांनी १९९०च्या सुमारास नोंदवलं. ‘ताकोत्सुबो’ नावाचा हा विकार पाळी गेलेल्या स्त्रियांत अधिक दिसतो.

अर्थात, आधी शारीरिक आजार तपासलाच पाहिजे. स्त्रियांमधला हृदयविकार कधी कधी केवळ थकवा, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणं अशा रूपातही येतो. त्याला ‘टेन्शन’ म्हणून वाटेला लावणं धोक्याचं आहे. पण तपासण्या झाल्यावर ‘काही नाही, मनाचे खेळ आहेत’ म्हणणं हेही उपचार नव्हेत.

त्याऐवजी एक प्रश्न विचारावा: ‘गेल्या वर्षभरात घरात काय काय झालं?’ मग हळूहळू कळतं, की नवऱ्याला अर्धांगवायू होऊन आठ महिने झाले. रात्री दर दोन तासांनी त्यांना कूस बदलून द्यायला याच उठतात. ‘दमले’ हा शब्द त्यांनी आजवर उच्चारलेला नसतो, कारण तो उच्चारला तर सेवेत कसूर झाल्यासारखं वाटतं.

भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या भीतीशी संबंधित अमिग्डाला या भागाची हालचाल कमी होते, असं मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७च्या मेंदू-स्कॅनच्या अभ्यासात आढळलं. म्हणजे ‘मी दमले’, ‘मला भीती वाटते’ असं म्हणणं हे रडगाणं नव्हे. मात्र नुसतं ऐकून भागत नाही. आठवड्यातल्या दोन रात्री मुलाने उठायचं ठरवलं, तर ते झोपेच्या गोळीपेक्षा मोठं औषध ठरू शकतं. आईच्या सहनशक्तीचं कौतुक करून तिच्यावरच सगळा भार टाकणं हे प्रेम नव्हे. ती सोय आहे.

उदासी, कशातच रस नसणं, झोप-भूक बिघडणं हे दोन आठवड्यांहून अधिक टिकलं, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. जीव नकोसा झाल्याचे शब्द कानावर आले, तर एक दिवसही थांबू नये. सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे.

रिपोर्टांची पिशवी पुन्हा भरण्याआधी घरातल्या कामांची वाटणी एकदा तपासून पाहावी.