रस्ता कोणी खोदला, नाव कोणाचे?

आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात, मार्घेरिटाच्या पुढे, लेडो हे कोळशाच्या खाणींचे गाव आहे. तेथे रस्त्याच्या कडेला ‘स्टिलवेल रोड’च्या शून्य मैलाचे स्मारक उभे आहे. ईशान्य भारताच्या सहलीवर निघालेली आपली मंडळी तेथे उतरतात, छायाचित्रे काढतात आणि येथून चीनमधील कुनमिंग १,०७९ मैलांवर आहे हे कळल्यावर थक्क होतात. हा डोंगर कोणी फोडला, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

१९४२ साली जपानने ब्रह्मदेश जिंकला आणि च्यांग कै शेकच्या चीनला रसद पोचविणारा मार्ग तुटला. पर्याय म्हणून त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकी सैन्याने लेडोहून पांगसाऊ खिंडीच्या दिशेने काम हाती घेतले. सुमारे १५ हजार अमेरिकी सैनिक त्यावर राबले. त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, हेही स्टिलवेलच्या नावाआड झाकले गेले. आणि त्यांच्या दुपटीहून अधिक, सुमारे ३५ हजार, स्थानिक मजूर होते. त्यांत चहाच्या मळ्यांवरचे आपले वनवासी बांधव होते. छोटा नागपूर आणि ओडिशातून ज्यांचे पूर्वज मळ्यांवर आणले गेले, त्यांनाच मळेवाल्यांच्या संघटनेने युद्धकाळात सीमेवरच्या रस्त्यांच्या कामावर धाडले. हिवताप, दरडी, अखंड पाऊस! अमेरिकेने आपल्या मृतांची गणती ठेवली. तो आकडा सुमारे १,१०० आहे. आपल्या मृतांचा आकडा कोणी सांगावा?

नामकरणाची कथा तर विलक्षणच आहे. ज्या च्यांगने ऑक्टोबर १९४४ मध्ये स्टिलवेलला परत बोलवायला लावले, त्यानेच जानेवारी १९४५ मध्ये या रस्त्याला त्याचे नाव दिले. चिनी राज्यकर्त्याने अमेरिकी सेनानीला दिलेली ही भेट. भूमी आमची, घाम आमचा. विचारले मात्र आम्हाला कोणीच नाही. आमचे नेते तेव्हा तुरुंगात होते.

आणि रस्त्याचा उपयोग किती झाला? तो पुरा होईपर्यंत त्याची गरजच उरणार नाही, असे चर्चिलचे मत होते. जुलै १९४५ मध्ये हिमालयावरून विमानांनी सुमारे ७१ हजार टन माल नेला, तर या रस्त्याने अवघा ६ हजार टन. पुढच्याच महिन्यात युद्ध संपले.

कोणी म्हणेल, हा रस्ता तर त्याच इंग्रजांच्या बाजूचा, ज्यांच्याशी नेताजींची सेना झुंजत होती! खरे आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मोइरांगला आझाद हिंद सेनेने तिरंगा फडकविला. तेथे स्मारक आहे आणि तेथे मस्तक नमतेच. परंतु मळ्यावरच्या मजुराला बाजू निवडण्याची मुभा कोणी दिली होती? पारतंत्र्यात त्याला जुंपले गेले, म्हणून तो आमचा नव्हे काय?

अमेरिकेचा हेवा करण्याचे कारण नाही. उलट तिच्याकडून शिकावे. अरुणाचलच्या जंगलात कोसळलेल्या आपल्या वैमानिकांचे अवशेष ते राष्ट्र अजूनही शोधते. २०२३ साली पासीघाटला त्या विमानमार्गाचे संग्रहालय उघडले, तेव्हा अमेरिकेचे राजदूत जातीने उपस्थित होते. इकडे जयरामपूरजवळची सुमारे हजार थडगी १९९७ पर्यंत झाडोऱ्यात गडप होती! कामगारांच्या नावाने गळे काढणाऱ्या आमच्या पुरोगामी इतिहासकारांची लेखणीही येथे फारशी वळली नाही. आणि आपण राष्ट्रभक्त म्हणविणाऱ्यांनी तरी काय केले?

मळ्यांच्या कचेऱ्यांत जुने हजेरीपट असतील, तर ते वाळवीने खाण्याआधी आसाम शासनाने मागवून घ्यावेत. ज्यांच्या घरातला कोणी ‘रस्त्यावर गेला तो आलाच नाही’, अशा वृद्धांच्या आठवणी कार्यकर्त्यांनी याच हिवाळ्यात टिपून घ्याव्यात. ऐंशी वर्षे उलटून गेली आहेत. सांगणारे फार थोडे उरले असतील. जी नावे मिळतील ती, दहा मिळाली तर दहा, लेडोच्या त्या स्मारकाशेजारी दुसऱ्या शिळेवर कोरावीत. स्टिलवेलचे नाव पुसा असे आम्ही म्हणत नाही.