हसरी मुले आणि दारिद्र्याची स्तुती

परदेशांतील गोरगरिबांच्या वस्त्या पाहून आलेले सुखवस्तू लोक एक गोष्ट हटकून सांगतात : जवळ काही नसताना ती मुले किती आनंदी, किती कृतज्ञ! या उद्गारात कौतुक आहे खरे. परंतु त्याच्या पोटी एक घातक विचारही दडलेला आहे. गरीब जर आनंदीच असेल, तर त्याचे दारिद्र्य हटविण्याची निकड ती काय?

दक्षिण अमेरिकेतील पाराग्वे देशाचे उदाहरण घ्या. राजधानी असुन्सियोनच्या कडेला, नदीकाठी, कातेउरा नावाचा कचऱ्याचा डेपो आहे. शहराने टाकलेल्या कचऱ्यातून विकाऊ जिन्नस वेचून तेथील कुटुंबे पोट भरीत आली. २००६ साली फाविओ चावेस हे पर्यावरण-तंत्रज्ञ तेथे कामास आले आणि वेचणाऱ्यांच्या मुलांना संगीत शिकवू लागले. वाद्ये अपुरी पडली. एका व्हायोलिनची किंमत तेथील झोपडीहून अधिक! तेव्हा निकोलास गोमेस या कचरा वेचणाऱ्या कारागिराने पत्र्याच्या डब्यांपासून व्हायोलिन व तेलाच्या पिंपापासून चेलो घडविला. त्या वाद्यवृंदाने पुढे देशोदेशी कार्यक्रम केले. २०१५ साली त्यावर चित्रपटही निघाला.

त्या मुलांचा आनंद अस्सल आहे. पण तो आला कोठून? कचऱ्यातून नव्हे. शिकविणारा भेटला, वाद्य हाती आले, ऐकणारे मिळाले, म्हणून तो आला. तो अभावाचे फळ नव्हे. अभावाला पडलेल्या खिंडाराचे फळ होय. २०१४ साली नदीला पूर आला, तेव्हा याच काठावरील कुटुंबांना घरे सोडावी लागली. संगीताने पाणी अडत नाही. त्यासाठी सुरक्षित जागा व पक्के घर लागते.

आता कृतज्ञतेविषयी. आपल्या गुरूविषयी व कारागिराविषयी मुलांना कृतज्ञता वाटावी, हे स्वाभाविक व सुंदर आहे. परंतु भाकरी, औषध आणि शाळा यांच्या बदल्यात बालकाकडून कृतज्ञतेची अपेक्षा करणे हा अन्याय होय. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात आरोग्य, शिक्षण व योग्य राहणीमान यांना हक्क म्हटले आहे; इतकेच नव्हे तर खेळ आणि कला यांनाही. पाराग्वेने तो १९९० मध्ये मान्य केला. म्हणजे आनंद हादेखील बालकाचा हक्कच आहे. हक्क मिळाल्याबद्दल कोणी कोणाचे उपकार मानावयाचे नसतात.

म्हणून वाचकहो, गरीब मुलाच्या हास्याला दाद अवश्य द्या; पण ते हास्य म्हणजे समाजाचे देणे फिटल्याची पावती, असे कोणी म्हणू लागल्यास ते मुळीच मान्य करू नका.