जब्याचा दगड कोणाकडे येतो?



नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या एका गावी 'फँड्री' हा चित्रपट विहारात दाखवावा, अशी सूचना तरुणांनी मांडली. तेव्हा एक वडीलधारे गृहस्थ मला म्हणाले, "वकीलसाहेब, शाळकरी पोरांना प्रेमाचे धडे देणारा सिनेमा विहारात कशाला?" सूचना तेथेच बारगळली. गृहस्थांची काळजी प्रामाणिक होती, परंतु त्यांचा आक्षेप चुकीचा होता, हे स्पष्ट सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. कैकाडी बोलीत 'फँड्री' म्हणजे डुक्कर. जब्या हा कैकाडी घरातील शाळकरी मुलगा वरच्या जातीच्या शालूवर मनोमन प्रेम करतो. काळ्या चिमणीची राख टाकली की मुलगी वश होते, या समजुतीने तो गलोल घेऊन रानोमाळ भटकतो. मनातली गोष्ट तिला सांगण्याचे धैर्य मात्र त्याला होत नाही. यात प्रेमाचे धडे कोठे आहेत? पहिले प्रेम कोवळ्या वयात कोणत्याही चित्रपटावाचून येते. त्याला गुन्हा ठरविते ती जात. शालूच्या देखत, सारे गाव हसत असता, जब्याला बापाबरोबर डुकरामागे धावावे लागते. ते डुक्कर वाहून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांचे व सावित्रीबाईंचे चित्र दिसते. अखेर जब्या दगड भिरकावतो, आणि तो थेट प्रेक्षकाकडे येतो.

ही कल्पनेतील गोष्ट म्हणून सोडून देता येईल काय? चित्रपट प्रदर्शित होऊन तीन महिनेही झाले नव्हते, तोच २८ एप्रिल २०१४ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या जातीच्या मुलीशी त्याचा संबंध असल्याचा संशय, एवढेच निमित्त. २०१७ साली सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले.

कायद्याचीही एक गोष्ट ध्यानी घ्या. पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यात, म्हणजे आपल्या आजच्या गोंदियातही, कैकाडी अनुसूचित जातीत मोडतात. पश्चिम महाराष्ट्रात ते विमुक्त जातीत गणले जातात. म्हणून १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा तेथील जब्याच्या मदतीस येत नाही. जिल्हा बदलला की अपमान तोच राहतो, संरक्षण मात्र नाहीसे होते!

आता प्रश्न आपणांस. दीक्षा घेऊन आपण जात टाकली. परंतु उद्या आपल्या सज्ञान कन्येने कैकाडी किंवा मांग मुलाशी विवाह करण्याची इच्छा व्यक्त केली, तर आपण काय कराल? आनंदाने तयारीस लागाल, की पोटजातीतील स्थळांची यादी काढाल? १९३६ सालच्या 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह हाच जातीवरील खरा उपाय मानला आहे. तो मानावयाचा तर आपल्या उंबरठ्यापासूनच मानला पाहिजे. वरच्या जातीकडे न्याय मागणाऱ्याने खालच्या म्हटल्या गेलेल्यांना तो नाकारणे, ही जातीची चाकरीच होय.

मुलांनाही कायदा सांगा. मुलाचे वय एकवीस व मुलीचे अठरा पूर्ण झाल्याखेरीज विवाह नाही, तोवर शिक्षण. वय झाल्यावर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने तीस दिवसांची नोटीस देऊन कोणत्याही जातिधर्माचे वधूवर विवाह करू शकतात. दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहास कुटुंबाची वा जातीची संमती लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी शक्तिवाहिनी प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

म्हणून माझी विनंती अशी, की 'फँड्री' विहारात दाखवा, मुलामुलींना शेजारी घेऊन पाहा, आणि नंतर त्यांना बोलू द्या. लपविलेले मन मुलांना एकाकी करते, आणि एकाकी पोर मारेकऱ्यांच्या हाती सहज सापडते. आपल्या मुलाने पहिली गोष्ट आपल्याला सांगावी, एवढा विश्वास घरात हवा. तो नसेल, तर जब्याचा तो दगड आपल्यासाठीही आहे.

जयभीम.