अंकुश हाताशी हवा

सत्ता एका हाती एकवटू नये म्हणून कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ व न्यायमंडळ ही राज्याची तीन अंगे वेगळी असावीत, हे नागरिकशास्त्रातले सूत्र आपण सर्वांनी पाठ केलेले आहे. ते प्रत्यक्षात कसे चालते, याचा वस्तुपाठ मात्र मराठवाड्याच्या दारातच घडला आहे.

औरंगाबादेस उच्च न्यायालयाचे खंडपीठ व्हावे, असा ठराव राज्य विधिमंडळाने १९७८ मध्ये केला. कायम खंडपीठास राष्ट्रपतींचा, म्हणजे वस्तुतः केंद्र सरकारचा, आदेश लागतो. तो काही केल्या निघेना. तेव्हा मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) चा आधार घेतला आणि राज्यपालांच्या संमतीने २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादेत न्यायदान सुरू केले. त्याच डिसेंबरात उच्च न्यायालयाने आपल्याच मुख्य न्यायमूर्तींचा हा आदेश रद्दबातल ठरविला! सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये तो वैध ठरविला आणि १९८४ मध्ये खंडपीठ कायम झाले. याच काळात, जानेवारी १९८२ मध्ये, मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना सिमेंट वाटपाच्या प्रकरणी उच्च न्यायालयाच्या निकालानंतर पायउतार व्हावे लागले. तपासणीतून ना मुख्यमंत्री सुटले, ना मुख्य न्यायमूर्ती. अधिकारविभाजन म्हणावयाचे ते यालाच.

बिडकीनच्या शेतकऱ्याला याचे काय, असे कोणी विचारील. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यासाठी याच शिवारातील जमिनी संपादित झाल्या. जमीन घेण्याचा अधिकार शासनाचा. पण तो कायद्यास धरून वापरला काय, मोबदला न्याय्य आहे काय, हे तपासण्याचा अधिकार न्यायालयाचा. हे न्यायालय मुंबईसच राहिले असते, तर प्रवास, मुक्काम आणि बुडालेली मजुरी यांच्या हिशेबातच किती दावे विरून गेले असते! आज सकाळच्या एस. टी. ने छत्रपती संभाजीनगरास जाऊन वकिलाला भेटून दिवस मावळण्यापूर्वी घरी परतता येते.

त्याच कलमाच्या आधारे १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरासही न्यायदान सुरू झाले, हे योग्यच झाले. अर्थात, न्यायालय जवळ आले म्हणजे न्याय जवळ आला असे नव्हे. तारखांमागून तारखा पडत राहिल्या, तर पंचवीस किलोमीटरांचे अंतरही पंचवीस वर्षांचे होते. अंकुश माहुताच्या हाती असावा लागतो. घरी खुंटीला टांगलेल्या अंकुशाची हत्तीला भीती कसली?