दुपारची डुलकी: किती नि कशी?

जेवणं आटोपली, ओटा आवरला की अंग आपोआप चटईकडे वळतं. ‘जरा पाठ टेकते’ म्हणून आपण आडव्या होतो आणि डोळे उघडतात ते थेट ५ वाजता! डोकं जड, तोंडाला चव नाही, चहा घेऊनही आळस जात नाही.

आमच्या सासूबाईंचं असंच चाललं होतं. दुपारी २ ते ५ गाढ झोप आणि रात्री २ पर्यंत टक्क जाग्या. झोपेची गोळी मागायला गेल्या, तर डॉक्टरांनी दुपारचीच चौकशी केली. ‘गोळीचं नंतर बघू, आधी गजर लावा,’ म्हणाले. सासूबाई भलत्याच रागावल्या. पण १५ दिवसांत रात्री ११ ला त्यांचा डोळा लागू लागला.

दुपारची पेंग काही नुसत्या भातामुळे येत नाही. १ ते ३ च्या सुमारास शरीराचं घड्याळच जरा मंदावतं. पहिली २०-२५ मिनिटं झोप बहुधा उथळ असते, तेव्हा उठलं तर तरतरी येते. पुढे ती गाढ होत जाते आणि मध्येच उठवलं की माणूस भांबावतो. अमेरिकेच्या ‘नासा’ने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना आळीपाळीने ४० मिनिटं विश्रांती देऊन पाहिली. ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि पुढच्या प्रवासात अधिक सावध राहिले, असं १९९४ च्या अहवालात म्हटलं आहे.

तेव्हा ३ च्या आत आडवं व्हा, २० मिनिटांचा गजर लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आंबट ढेकर येत असतील तर जेवल्याजेवल्या झोपू नका. थोड्या वेळाने डाव्या कुशीवर पडा. आपली वामकुक्षी ती हीच! चरकसंहितेत दिवसा झोपणं एरवी वर्ज्य असलं, तरी उन्हाळ्यात मुभा आहे. मुलं, म्हातारी माणसं आणि थकलेल्यांना तर कधीही.

डब्यासाठी पहाटे ५ ला उठणारी थकलेल्यांतच मोडते, नाही का? तरी ‘दिवसाढवळ्या झोपते’ हा टोमणा तिलाच!

मात्र रात्री पुरेशी झोप होऊनही रोज दिवसा पेंग येत असेल, घोरताना श्वास अडकत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. रक्त कमी असणं किंवा थायरॉइडचा त्रासही त्यामागे असू शकतो.

सासूबाईंच्या उशाशी आता गजराचं घड्याळ असतं. ते वाजलं की उठतात आणि मला म्हणतात, “आता तू पड जरा. दार मी बघते.”