चौक काढणारीचं नाव कुठल्या पानावर?

जव्हारच्या अभ्यासवर्गात आम्ही एरवी संविधान, आरक्षण, पेसा, वनहक्क असे विषय घेतो. मागच्या उन्हाळ्यात मोखाड्याकडची एक मुलगी वेगळीच वही घेऊन आली. ती चित्रकलेची पदविका करते आणि कलेच्या इतिहासाचा पेपर तिचा राहिला होता. "दादा, आधी एवढं समजावून द्या, मग तुमचं संविधान," म्हणाली. वहीतला क्रम असा: गुहाचित्रे, इजिप्त, ग्रीस, रोम, मध्ययुग, मग प्रबोधनकाळ आणि त्यातले लिओनार्दो, मायकेलअँजेलो, राफाएल. सगळ्यात शेवटी, वेगळ्या शाईत, "आदिवासी व लोककला : टीप लिहा." पाच गुण. मुलगी स्वतः वारली आहे. तिची आजी आजही लग्नघरात चौक काढते.

त्या पाच गुणांवरून आमच्यात दोन तट पडले. काही साथी म्हणाले, हा गोऱ्यांचा इतिहास आहे, त्याच्याशी आपलं काय देणंघेणं? पोरीला पास होण्यापुरतं पाठ करू द्या आणि सोडा. आमचं मत उलटं आहे. बाबासाहेबांनी स्मृती आणि पुराणं टाकून दिली नाहीत, ती मानणाऱ्यांपेक्षा जास्त बारकाईने वाचली. कलेचा इतिहासही तसाच वाचायला हवा. प्रत्येक चित्रासमोर, प्रत्येक मूर्तीसमोर तीन गोष्टी विचारायच्या. हात कुणाचे होते? भाकर कोण देत होतं? नाव कुणाचं लागलं?

सुरुवात इजिप्तपासून केली. राजांच्या कबरी रंगवणाऱ्या, कोरणाऱ्या कारागिरांचं देर अल-मदीना नावाचं गाव होतं. तिथे खापरांवर आणि दगडाच्या कपच्यांवर लिहिलेल्या नोंदी ढिगाने सापडल्या. त्यात कामाचे हिशेब आहेत, कोण का गैरहजर होता ते आहे, शेजाऱ्यांची भांडणंही आहेत. रामसेस तिसरा याच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी, म्हणजे सुमारे ३,१५० वर्षांपूर्वी, या लोकांचा धान्याचा शिधा थकला. त्यांनी हत्यारं खाली ठेवली, वस्तीबाहेर पडले आणि मेलेल्या राजांच्या देवळांपाशी जाऊन बसले. उपाशीपोटी काम होणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. नोंद सापडलेला जगातला पहिला संप तो हाच, असं मानतात. त्याची हकिकत लिहिलेला पपायरस इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. जगातला पहिला संप चित्रकार आणि कोरक्यांनी केला, ही गोष्ट वहीत एका ओळीनेही नव्हती. पिरॅमिडची उंची मात्र होती.

मुलगी ऐकून हसली. "म्हणजे रेशन थकलं होतं," म्हणाली. ज्या भागात १९९२-९३ साली वावर-वांगणीत पोरं कुपोषणाने मेली, तिथल्या मुलीला हे वेगळं समजवावं लागत नाही.

ग्रीसची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. अथेन्सच्या टेकडीवर इरेख्थिऑन नावाचं देऊळ आहे. त्याच्या बांधकामाचे इसवी सनापूर्वी ४०९ च्या आसपासचे हिशेब दगडावर कोरलेले मिळाले. त्यात नागरिक, बाहेरून येऊन राहिलेले लोक आणि गुलाम एकाच कामावर आहेत, आणि मजुरी सगळ्यांना सारखी, दिवसाला एक द्राख्मा. वाचताना बरं वाटतं. पण गुलामाचा द्राख्मा मालकाच्या मुठीत जायचा. समान दाम आणि समान माणूस यांच्यात केवढं अंतर आहे, ते या एका हिशेबात दिसतं. पुढे प्लूटार्कने तर स्पष्टच लिहून ठेवलं, की झ्यूसची मूर्ती पाहून खूश व्हावं, पण म्हणून फिडियस व्हावं असं चांगल्या घरच्या तरुणाला वाटत नाही. वस्तू हवी, बनवणारा नको. हे वाचताना आम्हाला परका देश वाटला नाही.

रोम आम्ही भराभर संपवलं. परीक्षेत कमानी आणि घुमट येतात, तेवढे तिने पाठ केले.

खरी मेख प्रबोधनकाळात आहे. फ्लोरेन्समध्ये चित्रकारांना स्वतःचा वेगळा संघ नव्हता. वैद्य आणि औषधविक्रेत्यांच्या संघात ते मोडत, कारण रंगाची पूड औषधवाल्याकडेच मिळायची. चित्र सांगणारा करार करायचा, त्यात सोनं किती, निळा रंग कुठल्या प्रतीचा, हे लिहिलेलं असे. तो महागडा निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून यायचा. म्हणजे ज्याला आपण "युरोपची प्रतिभा" म्हणतो, तिच्या आकाशाचा रंग आशियातल्या खाणकामगाराने खणून काढलेला आहे. मायकेलअँजेलो चित्रं काढायला लागला तेव्हा बापाने आणि चुलत्यांनी त्याला बडवला, असं त्याचे चरित्रकार सांगतात. घराण्याला हे काम कमीपणाचं वाटत होतं.

मग ही माणसं वर कशी आली? १५५० साली जॉर्जो वासारीने कलावंतांच्या चरित्रांचं पुस्तक छापलं आणि १५६३ मध्ये फ्लोरेन्सला कलेची अकादमी उभी राहिली. युक्तिवाद असा होता, की चित्र आणि शिल्प हे हाताचं काम नाही, बुद्धीचं आहे. हा युक्तिवाद जिंकला. चित्रकार "कलावंत" झाला, पण सुतार, कुंभार, विणकर खालीच राहिले. शिडी चढून गेलेल्यांनी शिडी वर ओढून घेतली. वासारीच्या पहिल्या आवृत्तीत स्वतंत्र चरित्र मिळालेली बाई एकच आहे, बोलोन्याची शिल्पकार प्रोपेर्झिया दे रोस्सी.

प्रबोधनकाळाला नावं ठेवायचा आमचा हेतू नाही. मजूर समजल्या गेलेल्या माणसांनी मान मिळवला, ही मोठी लढाई होती आणि ती आपल्याला समजायला हवी. आमचा आक्षेप तिच्या किमतीवर आहे. हाताची प्रतिष्ठा वाढवून ते वर गेले नाहीत. "आम्ही हातवाले नाही" असं सांगून वर गेले. १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल सुरू झालं आणि ग्रीक-रोमन मूर्तींचे प्लास्टरचे साचे समोर ठेवून आपली पोरं चित्रकला शिकू लागली, तेव्हा हाच मापदंड इथे आला. आणि आला कुठे? ज्या देशात डोकं वर आणि हात खाली हे धर्माने आधीच ठरवून टाकलेलं होतं, तिथे. दोन्ही शिड्या एकमेकींत चपखल बसल्या. वर "कला", खाली "हस्तकला", त्याच्या खाली "लोककला" आणि तळाला "आदिम".

आपल्याकडे वेगळं काही नव्हतंच, असंही नाही. सांचीच्या दक्षिण तोरणावर कोरलं आहे, की हे काम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केलं. कार्ल्याच्या लेण्यात एका सुताराचं नाव गावासकट आहे. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणी आहेत. मोखाड्याहून त्र्यंबकमार्गे नाशिकला जा, पांडवलेणी म्हणून खपवलेल्या बौद्ध लेण्यांत विणकरांच्या श्रेणींकडे हजारोंची ठेव ठेवल्याचा लेख वाचायला मिळतो. ज्या भिंतीवर राजाचं नाव, त्याच भिंतीवर कारागिराचं. पण लगेच छाती फुगवू नका. अजिंठ्यात लेणं दान करणाऱ्या मंत्र्याचं, वराहदेवाचं नाव आपल्याला ठाऊक आहे. पद्मपाणी रंगवणाऱ्याचं नाव आपण सांगू शकत नाही.

आता आजीच्या चौकाकडे येऊ. कुडाची भिंत, शेणाने सारवलेली, वर गेरू. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, बांबूची काडी टोकाला चावून, सवाशिणी चौक काढतात. मध्ये पालघट, शेजारी पंचशिऱ्या, भोवती झाडं, माणसं, तारपा. धवलेरी गाते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. तारप्याचा फेर वरून पाहिल्यासारखा आणि माणसं बाजूने पाहिल्यासारखी, हे दोन्ही एकाच चित्रात असतं. प्रबोधनकाळाने एका डोळ्याने, एका जागी उभं राहून पाहायला शिकवलं. आल्बेर्तीने १४३५ मध्ये त्याचे नियम लिहिले. चौक तसा उभा राहत नाही, म्हणून तो "आदिम"? ते काढणारी बाई आज जिवंत आहे, तिच्या कमरेला मोबाइल आहे, आणि पुस्तकात ती भीमबेटकाच्या शेजारी!

पण त्या भिंतीसमोर आणखी एक गोष्ट घडत होती. याच पट्ट्यात लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेतलेला वारली त्याचा लग्नगडी व्हायचा. तो राबायचा, त्याची बायको राबायची, कर्ज फिटायचं नाही. ही गुलामी आणि वेठबिगार मोडायला १९४५ साली वारल्यांना उठाव करावा लागला. म्हणजे ज्या लग्नाच्या भिंतीवर चौक, त्याच लग्नाच्या कागदावर अंगठा. वारली चित्रांवरच्या गुळगुळीत पुस्तकांत चौक भरपूर आहेत. लग्नगडी शोधावा लागतो.

१९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन डहाणूच्या बाजूला आले. ते बायकांची चित्रं शोधत आले होते आणि त्यांना गंजाडचे जिव्या सोमा म्हसे भेटले. म्हसे यांनी चौकाबाहेरचं सगळं जगणं कागदावर आणलं. १९८९ साली त्यांचं काम पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या प्रदर्शनात होतं, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. एका वारली माणसाचं नाव जगाच्या कलेत लागलं, याचा आम्हाला अभिमान आहे. पण चित्र भिंतीवरून कागदावर आलं आणि बाजारात गेलं, तेव्हा नाव पुरुषांचं झालं. भिंत बायकांचीच राहिली, विनानावाची. आणि घरातलंही बोलायला हवं. चौक सवाशिणीच काढणार, म्हणजे नवरा गेला की तिच्या हातातली काडी सुटली. बामणी घरातल्या विधवेबद्दल आपण तावातावाने बोलतो, इथे "संस्कृती" म्हणून गप्प बसतो. मुलीने हे आम्हाला सांगितलं, आम्ही तिला नाही.

वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे. चांगलं आहे, पण त्याने नाव आणि प्रदेश राखला जातो, चित्रकाराची मजुरी ठरत नाही. आमच्या ओळखीच्या तीन पोरांनी गेल्या हिवाळ्यात एका रिसॉर्टची भिंत रंगवली. ठेकेदाराने चौरस फुटावर भाव ठरवला, अर्धे पैसे अजून यायचे आहेत. भिंतीखाली सही करायची म्हटल्यावर "डिझाइन खराब होतं" असं उत्तर मिळालं. फ्लोरेन्समधल्या करारात निळ्या रंगाची प्रतसुद्धा लिहीत. इथे तोंडी.

आमचीही झाडाझडती घ्यावी लागेल. ९ ऑगस्टच्या आणि १४ एप्रिलच्या आपल्या फलकांवर वारली आकृत्या असतात. बहुतेक वेळा त्या इंटरनेटवरून उचललेल्या असतात. कुणाचं चित्र आहे, विचारतो का आपण? गेल्या वर्षीचा फलक आम्हीच छापला होता, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

यंदाच्या फलकाचं चित्र त्या मुलीच्या आजीने काढलं आहे. पैसे आधी दिले, दर तिने सांगितला तोच. नाव घालायचं म्हटल्यावर आजी म्हणाली, माझं एकटीचं कसं, आम्ही चौघी होतो. चौघींची नावं घातली आहेत. त्यांतल्या एकीचा नवरा वारलेला आहे, आणि त्यावरून पाड्यात अजून कुजबुज चालू आहे. पेपर ऑक्टोबरमध्ये आहे.